पिक्चर पडावा म्हणून नवस

आमच्या वाडीत सिनेमाची खडानखडा माहिती ठेवणारी एकच बाई, आणि तिनं उभ्या जन्मात थिएटरची पायरी चढलेली नव्हती. विमला कुळ्ये तिचं नाव. मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. संध्याकाळी एसटीतून उतरली की वाटेत जो कोणी तरणा पोरगा दिसेल त्याला, हातातली पिशवीसुद्धा खाली न टेकवता, पहिला प्रश्न, "काय रे, ती पडदेवाल्यांची पिक्चरं अजून चालतात काय?"

पडदेवाले म्हणजे तुम्ही ओळखलंच असेल. विजारीवरून चड्डी घातलेले, पाठीला तांबडा पडदा बांधलेले आणि सगळं जग एकट्यानं वाचवायला निघालेले ते सुपरहिरो. विमलाला ना त्यांची नावं ठाऊक, ना त्यांच्या शक्ती. तिला एवढंच हवं असायचं, की लोक अजून बघायला जातात की नाही.

पोरांना आयतंच सापडायचं. "काकी, तिकीट काढून देऊ काय?" "काकी, तुला कोण आवडला, उडणारा की आपटणारा?" शेजारची दीपाली तर नळावर सगळ्यांच्या देखत म्हणायची, "विमलवैनी, या वयात असल्या घट्ट विजारवाल्यांची चौकशी बरी न्हवं हां. रामा भावजी वरून बघतायत."

विमला हसायची. पण हसून झाल्यावरही हलायची नाही, उत्तर मिळेपर्यंत उभी राहायची. कुणी म्हणालं, "चालतात की, तुफान चालतात," तर त्या दिवशी तिच्या चुलीवर भात करपल्याचा वास सगळ्या आळीला यायचा. आणि कुणी म्हणालं, "आता कोण बघतंय काकी, तेच तेच दाखवतात," तर बाई दुसऱ्या दिवशी न मागता शेजारी आमसुलं वाटायची.

चिडवणाऱ्यांना यातलं अर्धंच कारण ठाऊक होतं.

शिमग्यात आमची पालखी निघाली की तिच्यापुढे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, असतात आणि खेळ्यांपुढे संकासुर. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी शिवलेला कापडी मुखवटा, कमरेला घुंगरांचा पट्टा. त्यानं वाकून वाकून नाचायचं, पोरांच्या मागे लागायचं, म्हाताऱ्यांच्या काठ्या पळवायच्या. मुखवटा एकदा चढला की उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि हे सोंग घ्यायचं तर दुसरं कुठलंच सोंग चालू ठेवायचं नाही. हा मान कुळ्यांच्या घराचा, त्यातही पहिला हक्क थोरल्याचा.

थोरला म्हणजे आत्माराम, विमलाचा दीर. नाचायचाही झकास. पण बारा-एक वर्षांपूर्वी त्या पडदेवाल्यांचं वारं सुटलं. रत्नागिरीत एका दुकानाच्या उद्घाटनाला कुणीतरी आत्मारामला निळे कपडे चढवले, पाठीला पडदा बांधला आणि दारात उभं केलं. माणसं दुकान सोडून त्याच्याच भोवती जमली. मग विनोद नावाच्या कार्यक्रम करणाऱ्या माणसानं त्याला धरलं. वाढदिवस, हळदीकुंकू, शाळांची संमेलनं, नवा पिक्चर लागला की थिएटरचं दार. एका हौशी घरानं गणपती आणायलाही त्याला पडद्यासकट नेलं. मूर्ती धरायला मात्र दिली नाही, तेवढी अक्कल शाबूत होती.

तेव्हा आत्मारामनं देवीपुढे नारळ ठेवून संकासुराचा मान धाकट्या रामाच्या पदरात घातला. वर थट्टा केली, "देवी वर्षातनं एकदा येता, ह्यो दर शुक्रवारी येतो." वाडी हसली. रामाही हसला. रामा म्हणजे विमलाचा नवरा, सुकट बांध्याचा, घाटी चढताना दोनदा बसणारा. पण मान मोडायचा नाही म्हणून त्यानं तो झगा घातला आणि दर शिमग्याला नाचला.

दोन शिमग्यांपूर्वी नाचता नाचता रामा सहाणेच्या कडेला बसला. सहाण म्हणजे पालखी जिथे विसावते तो चौथरा. संकासुर बसला म्हणजे काहीतरी खोडी काढणार, असं समजून पोरं टपून राहिली. तो हलेना, तशी काटक्या टोचायला लागली, खिदळायला लागली. बायका लांबून म्हणाल्या, काय बाई सोंग करतो मेला. मुखवट्याला बोलायची परवानगी नाही, त्यामुळे तो बोलत नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. काशीराम मानकऱ्यानं शेवटी कंटाळून मुखवटा उचलला, तेव्हा खालचा रामा कधीच गेलेला होता.

वाडीनं म्हटलं, देवीच्या पायाशी मरण आलं, भाग्यवान. 

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या की हे दुखणं रक्तात असतं, मुलालाही दाखवा. मुलगा ओमकार, रत्नागिरीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दाखवलं. त्याच्याही काळजाची झडप बापासारखीच निघाली. पावसाळ्यानंतर मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलं. तोवर गोळ्या घ्यायच्या आणि दम लागेल असं काही करायचं नाही.

हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण येत्या वैशाखात ओमकारचं लग्न ठरलेलं होतं. नवरी शेजारच्या गावची, नाव संस्कृती, मुलगी गुणी, माणसं चोख. पण काळजाला भोक आहे असं कुणी कुजबुजलं असतं (भोक नव्हतं, झडप होती, पण कुजबुजीत तिचं भोकच झालं असतं), तर ती सोयरीक दुसऱ्या दिवशी मोडली असती. म्हणून मायलेकांनी ओठ शिवून घेतले.

गेल्या शिमग्याला रामाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून मुखवटा देवळात टांगलेलाच राहिला. यंदा तसं चालणार नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं मान रिकामा राहिला तर तो दुसऱ्या घराकडे जातो. काशीरामनं स्पष्ट सांगितलं, "आत्माराम येतो तर उत्तम. नायतर ओमकार."

आणि ओमकार! त्याला सांगायची खोटी, की उडी मारून तयार. "बाबांचा सोंग मी घेणार. एक दिवस नाचून काय होतंय आई?"

म्हणजे हिशेब अगदी सरळ होता. पडदेवाल्यांची पिक्चरं चालली तर आत्माराम अडकलेला, मुखवटा ओमकारच्या तोंडावर. पिक्चरं मेली तर आत्माराम मोकळा, ओमकार वाचला. जगात कुठल्या बाईनं सिनेमाकडे इतक्या जिवाच्या आकांतानं पाहिलं असेल तर सांगा.

फाल्गुन लागायच्या आधी एका रविवारी विमला आरे-वारेच्या समुद्रकिनारी गेली. आत्माराम तिथे गाड्या लावतात त्या वळणावर लोकांबरोबर फोटो काढायला उभा असतो, हे तिला ठाऊक होतं. निळा वेश घामानं काळा पडलेला, पडद्याला खाऱ्या वाऱ्यानं भोकं. माणूस पन्नाशी उलटलेला, पोट पट्ट्यावरून बाहेर आलेलं. एक गाडी थांबली की हा एक गुडघा जमिनीला टेकायचा, मूठ मातीवर आपटायचा, मग झोकात उठून छाती काढायचा आणि एक हात आभाळाकडे करायचा. विमला बघत होती तेवढ्यात पुण्याकडच्या गाडीतलं एक पोर उतरलं, त्याच्याकडे पाहून बापाला म्हणालं, "पप्पा, हा जुना आहे," आणि भेळवाल्याकडे पळालं. आत्मारामचा हात थोडा वेळ तसाच आभाळात राहिला.

"भावजी," विमलानं हाक मारली.

त्यानं दचकून हात खाली घेतला. "विमल? तू हितं काय करतस?"

दोघं सुरूच्या झाडाखाली बसली. विमलानं त्याला ओमकारची झडप सांगितली, आणि यंदा संकासुर तुम्हीच व्हा म्हणाली. आयुष्यात तिनं ती गोष्ट घराबाहेर सांगितलेला हा एकच माणूस. आत्माराम वाळूत बोटानं रेघा मारू लागला.

"रामाला पण ह्योच होता?"

"ह्योच."

"मना कोणी बोल्ला नाय."

"आमाला तरी खै ठाऊक होता."

मग तो जे बोलला ते ऐकून दुसऱ्या कुठल्याही बाईनं त्याला त्या पडद्यानंच झोडपलं असतं. "विमल, येत्या शुक्रवारी मोठा पिक्चर लागतोय. दोन वरसांनी लागतोय. विनोदला मी शब्द दिलाय. तो चालला तर उन्हाळाभर सोडत नाय मना. पडला तर... पडला तर मी येतो. देवीची आण."

"अजून किती वरसं चालायचं हे, भावजी?"

"ह्यांस्नी मरण नाय गो." आत्माराम एकदम जिवंत झाला. "तू बघितलं नायस. एका भागात मरतो, दुसऱ्या भागात उठून येतो. जो मरतच नाय त्याचा धंदा बुडेल कसा?"

बारा वर्षं हा माणूस या एका विचारावर जगला होता. त्यात खोट कुठे आहे ते त्याला कुणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी त्यानं पडदा झटकून दुसऱ्या गाडीसमोर गुडघा टेकला असता.

विमला घरी आली ती थेट देवळात गेली. गुरव पुढे झाला, गाऱ्हाणं काय घालू म्हणाला. ती म्हणाली, माझं मीच घालते. आणि तिनं नवस बोलला, की आई, शुक्रवारचा पिक्चर पाड. साडी नेसवीन. गुरवानं ते ऐकलं आणि अर्थातच संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीनं ऐकलं. आमच्या देवीकडे पोरं मागितली गेली, नोकऱ्या मागितल्या गेल्या, शेजाऱ्याची म्हैस आटावी असंही कुणी मागितलेलं आहे. पिक्चर पडावा म्हणून बोललेला हा पहिलाच नवस. दीपालीनं तर विचारलं, "वैनी, साडी देवीला नेसवणार की त्या हिरोला? त्याला लुगड्याची जास्ती गरज हाय."

शुक्रवारी विमलानं कारखान्यात अर्धी रजा टाकली. लोकांच्या सांगण्यावर आता तिचा भरवसा नव्हता, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. थिएटरच्या दारात पुठ्ठ्याचा भला मोठा हिरो, आणि त्याच्या पायाशी गुडघा टेकलेला तिचा दीर. दोघांकडेही कुणी बघत नव्हतं. तिनं नजर चुकवली आणि आत गेली.

आत गार आणि अंधार. डोळे सरावले तेव्हा तिला रिकाम्या खुर्च्या दिसल्या. कोपऱ्यात एक जोडपं, त्यांना पडद्याचं काही पडलेलं नव्हतं. मध्ये एक गृहस्थ थंड हवा खात घोरत होते. पुढे चार-दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून. बस. विमला एकेका रिकाम्या खुर्चीकडे अशी बघत होती, जशा बाया भरल्या ओटीकडे बघतात.

पडद्यावर इमारती कोसळत होत्या, माणसं किंचाळत होती. मग तो हिरो पडला. छातीत काहीतरी घुसलं, डोळे मिटले, गाणं रडवं झालं. विमलानं हात जोडले. बराच वेळ तो निपचित होता आणि ती श्वास धरून बसली होती. आणि मग त्याचं एक बोट हललं.

"मर की रे मेल्या!" ती मोठ्यानं म्हणाली. घोरणारे गृहस्थ जागे झाले. पोरं मागे वळून हसली.

तो उठलाच. पण त्याला उठलेला बघायला कुणी नव्हतं, आणि तिला तेवढं पुरे होतं.

बाहेर आत्माराम पायरीवर बसला होता, पाठीचा पडदा सोडून मांडीत घेऊन. विनोदचा फोन येऊन गेला होता, की सोमवारपासून येऊ नको, दुसरा पिक्चर लावतायत, भुताचा. आता भुतांची चलती आहे.

"नवी पोरं जन्माला येतात ना विमल?" तो म्हणाला. "जुनी मोठी झाली, मानली. पण नवी येतात की. मग ह्यांस्नी बघत का नायत?"

 तिनं समोरच्या टपरीवरून चहा आणला, त्याच्या हातात दिला. ती मनातून नाचत होती आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं, दोन्ही एकदमच.

"मी येतो," आत्माराम चहात बघत म्हणाला. "आण घेतलीय."

आणि आला. शब्दाचा पक्का निघाला, हे त्याच्या पारड्यात घालायलाच हवं. पालखीच्या दिवशी दुपारी सहाणेवर सगळी वाडी जमली. मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसकट आलेले. मुद्दाम बोलावलेली संस्कृतीकडची माणसं पुढच्या रांगेत, तिची आई जरीच्या साडीत. विमलानं आदल्या दिवशीच देवीला साडी नेसवली होती. आत्मारामनं देवीपुढे डोकं टेकून झगा चढवला, घुंगरं बांधली. काशीरामनं मुखवटा बांधला. मृदुंगावर थाप पडली.

सुरुवात छान झाली. कमरेत वाकून दोन फेऱ्या मारल्या, एका म्हातारीच्या हातातली पानाची पिशवी पळवली, पोरं किंचाळत पांगली. विमलानं श्वास सोडला. ओमकार तिच्याशेजारी उभा होता, पायानं ताल धरून, चेहरा पाडून. पडू दे चेहरा, ती मनात म्हणाली.

मग पोरांनी मोबाईल वर केले. समोर पाच-पन्नास मोबाईल उभे राहिले, आणि आत्मारामच्या अंगानं ते ओळखलं. त्याचा एक गुडघा जमिनीला टेकला. मूठ मातीवर आपटली. संकासुर झोकात उठला, छाती काढून, एक हात आभाळाकडे करून.

मृदुंगवाला गडबडला. मुंबईचं एक पोर ओरडलं, "अरे, हा तर सुपरहिरो!" आणि सगळी सहाण हसायला लागली.

संकासुरावर लोक हसतात, तो हसवायलाच असतो. पण हे हसणं वेगळं होतं. आत्माराम पुन्हा वाकला, पुन्हा फेरी धरली, पुन्हा मोबाईल समोर आले आणि पुन्हा गुडघा खाली गेला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा म्हातारी माणसं हसायची थांबली. काशीरामनं हात वर केला. मृदुंग बंद.

"आत्मा, देवीपुढं थट्टा मांडलीस?"

मुखवट्यानं जोरजोरात मान हलवली. बोलायचं नव्हतं, म्हणून नुसतीच मान.

काशीरामनं गाठ सोडली. खालचा चेहरा घामानं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलेला. "काशीरामदा, मी मुद्दाम नाय केलं. अंगच तसा वळता. बारा वरसं तोच केला रे." त्यानं विमलाकडे पाहिलं. "विमल, आणखी एकदा करतो. जमेल मना."

"पुरे," काशीराम म्हणाला. "पालखी ताटकळलीय. ओमकार!"

हाक पुरी व्हायच्या आत ओमकार पुढे गेला होता. घुंगरांचा पट्टा काकाच्या कमरेचा सोडून तो स्वतःच्या कमरेला बांधत होता.

"नको!" विमला ओरडली.

सगळी वाडी वळली. काशीरामनं भुवया वर केल्या. "काय गो विमल? काय अडचण हाय? सांग."

ओमकार बघत होता. संस्कृतीची आई बघत होती. आत्मारामचं तोंड उघडलं होतं, तो बोलणार की काय असं वाटलं, पण ते गुपित त्याचं नव्हतं, तो विमलाच्या तोंडाकडे बघत राहिला. 

"काय नाय," विमला म्हणाली. "काय नाय."

मुखवटा चढला. संकासुराला घरच्या बाईनं ओवाळायचं असतं, तिच्या हातात कुणीतरी ताट दिलं. ती पुढे गेली. ओवाळताना ज्योत मुखवट्याजवळ नेली आणि हळूच म्हणाली, "दम लागला तर खूण कर. कायपण खूण कर रे. हात वर कर."

त्याला बोलायची मुभा नव्हती. मुखवट्याचं कापड नाकाशी आत जात होतं, बाहेर येत होतं. मग मृदुंगावर थाप पडली, तो कमरेत वाकला आणि पोरांच्या घोळक्यात घुसला. पोरं आनंदानं किंचाळली.

विमला ताट हातात घेऊन त्याच्या मागोमाग चालू लागली. पालखीच्या पुढे बायकांनी चालायचं नसतं, असं मागून कुणीतरी दोनदा ओरडून सांगितलं. ती चालतच राहिली.